हरवलेलीं चित्रें आणि त्यांचे पत्ते

हल्लीं कोणाच्याही घरीं मुंज, लग्न किंवा शांत निघाली कीं मंडपांत भटजींच्या आधीं मोबाईल फोन हजर होतात. पूर्वीं एक छायाचित्रकार येत असे. तो तिपाई उभी करी, लहानथोरांस श्वास रोखून बसवी, आणि महिन्या-दीड महिन्यानें जाड पुठ्ठ्यावर डकविलेला एकच फोटो हातीं देई. आतां पांचसात जण एकाच वेळीं चलचित्रें घेत असतात, व कार्य आटोपल्यावर घरांतील एखादा कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी तीं सगळीं गोळा करून संगणकावर त्यांचें संकलन करावयास बसते. नको तो भाग गाळावा, हवे ते तुकडे ओळीनें लावावे, वर सनईचे सूर घालावे आणि अर्ध्या तासाची एक नेटकी चित्रकथा सिद्ध करावी, असें हें काम आहे. ज्याला एके काळीं स्टुडिओ लागे तें आज माजघरांत बसून होतें, ही गोष्ट कौतुकाचीच होय.

परंतु ह्या हौसेच्या पाठोपाठ एक विघ्नही ठरलेलें आहे. दोन-तीन महिने रात्रीं जागून काम होत आलेलें असतें, आणि एके दिवशीं प्रोजेक्ट उघडावा तों प्रत्येक चित्राच्या जागीं तांबडी पाटी! तीवर 'मीडिया ऑफलाईन' अशीं अक्षरें. तुकड्यांचा क्रम जसाच्या तसा, लांबी तीच, मथळे तेच. चित्र तेवढें नाहीं. मुलाचा चेहरा उतरतो, 'सगळें पुसलें गेलें' अशी घरांत हाकाटी होते. बहुतेक वेळां पुसलें कांहींच गेलेलें नसतें.

मग झालेलें असतें काय? हें समजण्यास आपल्या जुन्या प्रयोगपोथ्यांची आठवण करावी. त्यांत मंत्र सबंध दिलेले नसतात. मंत्राचे पहिले दोन-तीन शब्द देऊन पुढें 'इति' घातलेला असतो. ह्यास प्रतीक म्हणतात. सबंध मंत्र संहितेंत असतो, आणि ज्या याज्ञिकाची संहिता पाठ आहे त्यास प्रतीक दिसतांच तो आठवतो. म्हणूनच मोठमोठे विधि थोड्या पानांत मावतात. पण जो त्या शाखेचा नव्हे त्याच्या हातीं तीच पोथी दिली तर तो प्रतीकापाशीं अडतो. पोथी शुद्ध असते, मंत्रही जगांतून नाहींसा झालेला नसतो. दोहोंना जोडणारी वाट तेवढी त्याच्यापाशीं नसते.

संकलनाचा प्रोजेक्ट ही अशीच प्रतीकांची पोथी आहे. त्यांत चित्र नसतें. अमुक डिस्कवरील, अमुक फोल्डरांतील, अमुक नांवाची फाईल घ्यावी, तिचा बाराव्या सेकंदापासून एकोणिसाव्या सेकंदापर्यंतचा भाग येथें दाखवावा, आवाज किंचित् उतरवावा, एवढेंच त्यांत लिहिलेलें असतें. आजच्या फोनवर घेतलेलें चलचित्र मिनिटाला साधारणतः ६० ते १७० मेगाबाइट जागा खातें. तासन् तास चित्रें वापरणारा प्रोजेक्ट मात्र कांहीं मेगाबाइटांत, पुष्कळदां त्याहूनही कमी जागेंत राहतो. केडेनलाईव्ह नांवाचें एक विनामूल्य साधन आहे; त्याचा प्रोजेक्ट साध्या मजकुराप्रमाणें उघडला तर हे पत्ते डोळ्यांनीं वाचतां येतात. प्रीमिअरचा प्रोजेक्टही मुळांत असाच मजकूर असून तो दाबून लहान केलेला असतो. ज्या मुलांना ही विद्या शिकावयाची आहे त्यांनीं एकदां तरी तो मजकूर उघडून पाहावा. माझ्या व्याख्यानापेक्षां त्यानें डोळे लवकर उघडतील.

पत्त्यावरच सारा कारभार आहे म्हटल्यावर, बिऱ्हाड बदललें कीं टपाल परत येणार हें ओघानेंच आलें. फोल्डराचें नांव बदललें, फाईल दुसरीकडे हलविली, किंवा बाहेरून जोडावयाच्या डिस्कला विंडोजनें काल 'डी' म्हटलें होतें तिला आज 'ई' म्हटलें, कीं पत्ता चुकला. संगणक शेजारीं विचारपूस करीत नाहीं. सांगितलेल्या दारावर जातो, आणि तेथें कोणी नसलें कीं तांबडी पाटी लावून मोकळा होतो.

आमच्या राणीसावरगांवच्या घरीं जें घडलें तें ह्याचेंच उदाहरण असल्यामुळें थोडें विस्तारानें सांगतों. २०२३ सालीं माघी पौर्णिमेस आमच्या थोरल्या चुलत बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. घर एकत्र म्हणावयाचें, पण माणसें पुणें, नांदेड, हैदराबाद अशीं पांगलेलीं, आणि एक पुतण्या तर कॅनडांत. त्या चार दिवसांत मात्र पंचेचाळीस पानें एका पंगतीस पडलीं. सहा फोन व एक कॅमेरा मिळून चारशेंवर तुकडे जमले. पुण्याच्या धाकट्या पुतण्यानें ते एका डिस्कवर घेतले आणि संकलन आरंभिलें. पुढें त्याच वर्षीं भाद्रपदांत थोरल्या वहिनी गेल्या. मग ज्या तुकड्याकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें त्याला एकाएकीं मोल आलें. कार्याच्या आदल्या पहाटे वहिनी मेतकूट दळावयास बसल्या होत्या आणि जात्यावर ओव्या म्हणत होत्या. एका नातीनें अर्ध्या अंधारांतच आपला फोन चालू करून तें सारें टिपलें. सात मिनिटें व कांहीं सेकंद. वहिनींचा गातांनाचा आवाज घरांत दुसरीकडे कोठेंही नव्हता.

वर्षश्राद्धापूर्वीं चित्रकथा पुरी करावयाची ठरलें. पुतण्याचा संगणक जुना झालेला, म्हणून नवा घेतला. दुकानदारानें आपण होऊन डिस्कवरील सर्व सामान नव्या यंत्रांत हलविलें, सहा फोनांचीं सहा फोल्डरें मोडून 'व्हिडिओ' ह्या एकाच फोल्डरांत सगळें ओतलें, आणि डिस्क कोरी करून परत दिली. त्याच्या मतें त्यानें घर आवरून दिलें होतें.

प्रोजेक्ट उघडला, सर्वत्र तांबडें. पण दुवा फिरून जोडण्याची सोय ह्या प्रत्येक साधनांत असते. प्रीमिअर हरवलेल्या फाईलींची यादी पुढें ठेवून त्यांतील एक शोधून मागतो. ती दाखविली कीं तिच्याच सोबतच्या इतर फाईली आपण होऊन जोडून घेतो. दा विंची रिझॉल्व्हमध्यें तुकडे निवडून त्यांचें नवें फोल्डर दाखवावें लागतें. पुतण्यानें ह्याप्रमाणें केलें आणि पाव तासांत बहुतेक चित्रें परत आलीं. घरांत आनंदीआनंद झाला. मात्र जात्याच्या ठिकाणीं जें आलें तें जातें नव्हतें. तेथें पंगत बसली होती, आणि आमचे बंधु जिलबी वाढणाऱ्यास हातानें 'नको' म्हणत होते.

कारण असें कीं आयफोनवरील चित्रांना 'आयएमजी' आणि चार आंकडे असें नांव मिळतें. कॅमेऱ्यांचाही रिवाज तोच: चार अक्षरें, चार आंकडे, आणि ९९९९ झाले कीं पुन्हा ०००१. कित्येक अँड्रॉइड फोन नांवांतच तारीख व वेळ घालतात, त्यामुळें ते ह्या बाबतींत शहाणे. आमच्याकडे तीन आयफोन होते, म्हणजे ००४२ ह्या आंकड्याचे तीन धनी. निरनिराळ्या फोल्डरांत होते तोंवर भांडण नव्हतें. एका फोल्डरांत ओततांना यंत्रानें 'जुनी ठेवूं कीं नवी' असें विचारलें असणार, व दुकानांतील कोणी घाईनें उत्तर दिलें असणार. जातें पुसून त्यावर पंगत बसली. म्हणजे आमच्या वेळीं एक तुकडा खरोखरच गेला होता, आणि तोही नेमका हाच.

नातीनें तो तुकडा व्हॉट्सॲपवर एका मैत्रिणीस पाठविलेला होता. पण ती प्रत तीन मिनिटांची, आणि त्या मार्गानें जाणारें चित्र लहान व पुसट होऊन जातें, आवाजही पातळ होतो. तिचा फोन मध्यंतरीं बदललेला. शेवटीं तिला आठवलें कीं जुना फोन देण्यापूर्वीं तिच्या वडिलांनीं नांदेडच्या आपल्या संगणकावर सगळें उतरवून घेतलें होतें. तेथें तीन हजारांवर फाईली निघाल्या. उतरवितांना सर्वांना ओळीनें नवे क्रमांक दिलेले, आणि फाईलींवरील तारीखही उतरविल्या दिवसाची. नांवावरून शोधणें संपलें.

परंतु चलचित्राच्या फाईलीच्या पोटांत चित्रण केव्हां सुरू झालें ती वेळ स्वतंत्र नोंदलेली असते. नांव बदलल्यानें ती बदलत नाहीं. पुतण्यानें ती वेळ दाखविणारी यादी काढली व पहाटेचे चार ते सहा पाहिले. एकही तुकडा नाहीं. मध्यरात्रीं बारा वाजून दहा मिनिटांनीं घेतलेला एक होता, तो त्यानें सोडून दिला. मध्यरात्रीं कोण दळतें? दुसऱ्या दिवशीं त्याच्या ध्यानांत आलें कीं ही आंतली वेळ ग्रिनिचच्या मानानें लिहिण्याचा संकेत आहे. आपण तिच्यापुढें साडेपांच तास. शून्य वाजून दहा मिनिटें म्हणजे आपल्याकडील पहाटेचे पांच चाळीस. तुकडा उघडला, आणि जात्याची घरघर ऐकूं आली. लांबी प्रोजेक्टांतील नोंदीशीं सेकंदाला सेकंद जुळली. दुवा जोडतांच पूर्वीं केलेला प्रत्येक छेद आपल्या जागीं बसला.

नांव तेंच म्हणून वस्तु तीच नव्हे, आणि नांव निराळें म्हणून वस्तु निराळी नव्हे. हा घोटाळा संगणकाच्या पूर्वींचा आहे, आणि चित्रपटाच्या धंद्यांत त्यावर फार नामी तोड काढलेली होती. प्रभातनें 'संत तुकाराम' काढला त्या १९३६ च्या सुमाराचा काळ घ्या. मूळ निगेटिव्ह म्हणजे एकुलतें एक लेणें; तिच्यावर कात्रीचे प्रयोग करणें परवडण्यासारखें नव्हे. म्हणून तिच्यावरून कामापुरती एक प्रत छापावी, संकलकानें तिची हवी तितकी कापाकापी करावी, आणि सर्व मनासारखें झाल्यावर त्या प्रतीबरहुकूम निगेटिव्ह एकदांच कापावी, अशी ह्या धंद्याची रीत. आतां हजारों फूट फितींतून नेमका तोच तुकडा ओळखावयाचा कसा? कोडॅक कंपनीनें १९१९ च्या सुमारास कच्च्या फितीच्या कडेस फुटाफुटावर आंकडे उमटविण्यास आरंभ केला होता. निगेटिव्हवरील आंकडा प्रतीवरही छापला जाई. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटांत १६ चित्रें. तेव्हां आंकडा पाहून पुढें चित्रें मोजलीं कीं नेमकी जागा सांपडे. १९९० पासून त्याच आंकड्यांसोबत यंत्रानें वाचावयाच्या रेघाही आल्या. ह्यांतील मर्म असें कीं खूण डब्यावरील चिठ्ठीवर नसून फितीच्या अंगांत होती. डबा बदलला, चिठ्ठी गळाली, तरी खूण कायम.

केडेनलाईव्ह हीच युक्ति निराळ्या रीतीनें करतें. फाईल प्रथम घेतांनाच तिचा आकार आणि तिच्या मजकुरावरून गणितानें काढलेला एक मुद्रांक तें प्रोजेक्टांत लिहून ठेवतें. पुढें फाईल हरवली तर सांगितलेल्या फोल्डराच्या पोटांतील सर्व फोल्डरें धुंडाळून तोच मुद्रांक असलेली फाईल शोधतें, मग तिचें नांव कांहींही ठेवलेलें असो. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत येथें पकडली जाते. तिचा मजकूरच निराळा, म्हणून मुद्रांकही निराळा. मोठ्या फाईली जुन्या संगणकास झेपत नसल्या तर त्यांच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करण्याची सोयही आज सर्वत्र असते. ती म्हणजे तीच जुनी कामाची प्रत. शेवटच्या घडीस मूळ चित्रांशीं दुवा जुळलेला आहे ना, एवढें पाहावें लागतें.

पण असा एक दुवा आहे जो कोणताही मुद्रांक जोडून देणार नाहीं, आणि त्याची काळजी वाहणारें एक थोर उदाहरण आपल्या मराठींतच आहे. हेमा राईरकर व गी पॉत्वाँ ह्या विद्वानांनीं १९८० नंतरच्या काळांत खेडोपाडीं हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गांवें, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा हा संग्रह आहे. पुढें १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल ह्यांनीं कित्येक ओव्यांचें ध्वनिमुद्रण केलें व सर्व सामग्री संगणकांत घातली. पॉत्वाँ २००४ सालीं व राईरकर २०१० सालीं वारल्या. पी. साईनाथ ह्यांनीं स्थापिलेल्या 'पारी' ह्या ग्रामीण संग्रहानें २०१७ पासून हें धन लोकांपुढें आणण्यास आरंभ केला. जनाबाईचें गंगाखेड आमच्या तालुक्याचें ठिकाण. तेव्हां जातें आणि ओवी हें नातें आम्हां परभणीकरांस सांगावें लागत नाहीं. ह्या संग्रहांत आमच्याच जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांच्या ओव्या आहेत.

मला ह्या संग्रहाचें मोठेपण ओव्यांच्या संख्येंत तितकेंसें वाटत नाहीं. ओवीबरोबर गाणारीचें नांव आणि तिचें गांव त्यांत लिहिलेलें आहे, हें मला मोठें वाटतें. म्हणूनच वीस-वीस वर्षांनीं 'पारी'ची मंडळी पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत जाऊन कित्येक गायिकांस फिरून भेटूं शकली, त्यांचीं नवीं चलचित्रें घेऊं शकली व जुन्या आवाजाला चेहरा जोडूं शकली. केवळ ओव्या लिहून घेतल्या असत्या तर एक जाडजूड पुस्तक झालें असतें, आणि आवाज बेवारस राहिले असते.

आतां घरच्या संकलकांसाठीं थोडें व्यवहाराचें. संकलनास हात घालण्यापूर्वीं कार्याच्या नांवाचें एक मोठें फोल्डर करावें, आणि चित्रें, फोटो, सनईच्या फाईली, मथळ्यांचीं अक्षरें, प्रोजेक्ट, सर्व त्याच्याच पोटांत ठेवावें. घरांतील डेस्कटॉपवरून एक फाईल, पेनड्राईव्हवरून दुसरी, असें उष्टेंमाष्टें प्रोजेक्टांत घेऊं नये. प्रत्येक फोनाचें निराळें फोल्डर असावें. फाईलींस नांवें द्यावयाचीं तर तीं ह्याच वेळीं द्यावीं, प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, मग फोन कोणाचा तें, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमानें लागते. आणि एकदां प्रोजेक्टांत गेलेल्या फाईलीचें नांव पुन्हा बदलूं नये. मोठ्या कॅमेऱ्यांच्या कार्डांत फोल्डरांची जी उतरंड असते ती मोडूं नये, सबंध उचलावी. देवनागरींत नांव देण्यास आज हरकत नसते, तरी निरनिराळ्या यंत्रांवरून फाईल फिरणार असेल तर आंकडे व रोमन अक्षरें बरीं पडतात. हें मला रुचत नाहीं, पण खरें आहे. पाहुण्यांकडून चित्रें मागवावयाचीं तीं व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगावें, म्हणजे तीं जशींच्या तशीं येतात.

काम संपल्यावर सर्व सामग्री एकत्र बांधून ठेवण्याची सोय असते. केडेनलाईव्ह तीस 'आर्काइव्ह' म्हणतें. प्रीमिअरमध्यें प्रोजेक्ट मॅनेजर आहे, रिझॉल्व्हमध्येंही प्रोजेक्ट आर्काइव्ह आहे. तयार चित्रकथेबरोबर हें बांधलेलें गाठोडेंही ठेवावें. तयार कथेंत अर्धा तास असतो, गाठोड्यांत चार दिवस असतात. आणि तें एकाच डिस्कवर, एकाच घरीं ठेवूं नये. पुण्यास सरकारनें १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापिलें, तेथील लोक चित्रांची किंमत जाणणारे. तरीही जानेवारी २००३ मध्यें प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठीस आग लागून ज्वालाग्राही जुन्या फितींचा मोठा सांठा भस्म झाला. ज्यांच्या दुसऱ्या प्रती अन्यत्र होत्या त्या चित्रपटांचें चित्र तरी उरलें.

आमच्या गाठोड्याच्या आतां तीन प्रती आहेत: एक राणीसावरगांवीं देवघराच्या कपाटांत, एक पुण्यास, एक नांदेडास. डिस्कबरोबर एक दोनशें पानी वही आहे. तींत प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, कोणाच्या फोनानें घेतला, केव्हां, आणि त्यांत कोण कोण दिसतें हें शाईनें लिहिलेलें आहे. ही वही भरण्यास संकलनाइकाच वेळ लागला. बंधूंना शेजारीं बसवून तुकडे एकामागून एक दाखवावे, आणि ते सांगतील तें लिहावें, असा क्रम दोन महिने चालला. 'ही कोण?' म्हटल्यावर ते नांव सांगून थांबत नसत. ती कोणाची कोण, दिली कोठें, तिचें लग्न कोणत्या दुष्काळांत झालें, हेंही निघे. तेंही लिहिलें. वहिनींच्या ओव्यांपैकीं तीन मुलींना शब्दशः लागल्या नाहींत. त्या माझ्या धाकट्या बहिणीनें ऐकून उतरून दिल्या.

दोन तुकडे अद्याप अनोळखी आहेत. एकांत दाराशीं तोरण बांधणारे एक वृद्ध गृहस्थ दिसतात. बंधु म्हणतात गंगाखेडचे, पुतणे म्हणतात मांडववाल्याचे वडील. दुसऱ्यांत एक लहान मुलगी जात्याच्या खुंट्यास धरून झुलते आहे. नवरात्रांत येथील रेणुकादेवीच्या दर्शनास आजूबाजूच्या गांवचीं जुनीं माणसें येतात. त्यांना दाखविण्यासाठीं हीं दोन चित्रें कागदावर मोठीं छापून घेतलीं आहेत.